पुण्य नको, दोन तास द्या

आमच्या गल्लीतली एक म्हातारी गेली, तेव्हा तिच्या तेराव्याला वारघडे बाई जेवायला आल्या आणि भरल्या पानावरून उठून गेल्या. जव्हारमध्ये ही गोष्ट लोकांनी बरेच दिवस चघळली.

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. अंगणात मांडव, आत म्हातारीचा फोटो, फोटोला टपोऱ्या झेंडूचा हार. पंगत बसली, वाढप झालं आणि थोरला मुलगा दोन शब्द बोलायला उभा राहिला. "आईनं आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही," तो म्हणाला. "शेवटपर्यंत शांत होती." मग त्याने रुमाल काढला.

"तक्रार करायच्या त्या," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण वर्गातल्या शेवटच्या ओळीतल्या पोरापर्यंत पोचायची सवय लागलेला तो आवाज मांडवभर गेला.

"रोज करायच्या. पाठ जळते म्हणायच्या. पाणी द्या म्हणायच्या. अंथरूण भिजतं म्हणून संध्याकाळनंतर तुम्ही त्यांचं पाणी तोडलं होतं. कमी पाणी पाजलं की लघवी जळजळीत होते, माणूस बरळायला लागतो, हे मी तुमच्या दारात उभी राहून सांगितलं होतं. आणि आज त्यांच्या नावानं बासुंदी?"

कुणीतरी म्हातारा गृहस्थ म्हणाला, "बाई, ही वेळ आहे का?"

"वेळ तेव्हा होती. तेव्हा यांना वेळ नव्हता."

त्या उठल्या, पदर खोचला, नळावर हात धुतले आणि चालू लागल्या. हाताला अन्न लागलेलंच नव्हतं, तरी कितीतरी वेळ चोळून चोळून धुतले. मी मागोमाग गेले. रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "जिवंतपणी ग्लासभर पाणी जड झालं यांना."

मला विचाराल तर त्या दिवशी उठून जायला हवं होतं आम्हा सगळ्यांनी.

कमल वारघडे साखरशेतच्या शाळेत शिकवायच्या. मी जव्हारमधल्याच शाळेत होते, आणि नव्वदच्या दशकात पाचसहा वर्षं आम्ही एका घरमालकिणीच्या दोन शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलो. बाईंचं लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ठेंगणा बांधा, केसांचा घट्ट अंबाडा, आणि खांद्याला एक रेक्झिनची पिशवी. शाळेच्या पिशवीत असतं ते तीत काही नसायचं. जुन्या सुती लुगड्यांचे धुऊन घड्या केलेले तुकडे, नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली, एक बोथट टोकाची कात्री. रविवारी ही पिशवी घेऊन त्या बाहेर पडायच्या. कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय असं कानावर आलं, की बोलावण्याची वाट न बघता जायच्या.

गेल्यावर तोंडाकडे आधी बघायच्या नाहीत. पायाकडची चादर उचलायच्या आणि टाचा बघायच्या. मग कंबरेखाली हात घालायचा, अंथरूण ओलं आहे का ते बघायचं. "तोंड सगळे पुसतात," त्या म्हणायच्या, "पाहुणे तोंड बघतात म्हणून. टाच कोण पुसतं ते सांग." टाच लाल दिसली, की घरातल्या कर्त्या पुरुषाला हाक. बायकोला नाही, पुरुषाला. तो समोर आला की त्याच्याच हाताने म्हाताऱ्याला कुशीवर वळवून घ्यायच्या, पाठीमागे उशी लावायला, दोन गुडघ्यांच्या मध्ये कापडाची घडी ठेवायला लावायच्या. "जेवायच्या आधी एकदा, जेवल्यावर एकदा, चहाच्या वेळी एकदा. तुम्ही झोपेत कूस बदलता की नाही? त्याला बदलता येत नाही, एवढाच फरक आहे."

लोक कंटाळायचे. काहीजण बाई येताना दिसल्या की दार लोटून घ्यायचे. बाई लोटलेल्या दारासमोर उभ्या राहून बोलायच्या.

हा राग त्यांच्यात पहिल्यापासून नव्हता. साध्या, हसऱ्या बाई होत्या. एका मे महिन्याच्या सुट्टीत त्या माहेरी, सूर्यमाळला गेल्या आणि राग घेऊन आल्या.

त्यांच्या बाला, म्हणजे वडलांना, त्याच्या काही महिने आधी लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती. थोरला भाऊ गोविंद घरी शेती करायचा, धाकटा सुरेश ठाण्याला एका कचेरीत कारकून. बाईंना दोघांकडून निरोप यायचे, बा बरा आहे. खोडाळ्यावरून वर चढून त्या पाड्यावर पोचल्या, तर बा पडवीत, गुरांच्या बाजूला, गोणपाटावर. जवळ जाण्याआधीच वास आला. त्यांनी बाला कुशीवर वळवलं. माकडहाडाशी जखम होती, आत बोटाचं पेर जाईल एवढी खोल.

"मी ओरडले," त्यांनी मला सांगितलं होतं. "आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते अशी ओरडले. आणि कुणावर? वयनीवर. समोर तीच होती ना. गोविंदा पारावर बसला होता."

वयनी म्हणजे गोविंदची बायको, जना. ती ऐकून घेत उभी राहिली. डोक्यावर हंडा होता, तो उतरवलादेखील नाही. बाईंचं बोलून संपल्यावर म्हणाली, "बाय, तू साळंत शिकवतीस. मना सांग. झरा खाली हाय. पहाटं जाऊन बसावं तवा वाटीवाटीनं हंडा भरतो. त्यात सा जनांचा सैपाक, गुरांचं पानी. तुज्या बाला धुवायला कुठलं पानी आनू? माझ्या अंगावर बघ, मी कवा न्हाले ते."

बाई म्हणाल्या, "मला तिथं खाली बसावंसं वाटलं. बसलेच."

दुसऱ्या दिवसापासून त्या वयनीबरोबर झऱ्यावर गेल्या. वर येताना मान आणि कंबर अशी दुखायची की बाच्या जवळ बसायचं त्राण उरायचं नाही. आणि हे सगळं चालू असताना गोविंद पडवीच्या दुसऱ्या टोकाला विडी ओढत बसलेला. बाईंनी त्याला विचारलं, तू का नाही आणत पाणी? तो हसला. "पानी बायका आनतात." बाला निदान कुशीवर तरी वळव? "मला नाय बघवत त्याचं."

"बघवत नाही!" हे सांगताना बाईंचा आवाज चिरकला. "ह्या 'बघवत नाही'ला लोक प्रेम म्हणतात. ज्याला बघवत नाही तो हळवा, आणि जिला बघावंच लागतं ती कोण मग? दगड?"

त्या दिवसापासून कुणाच्याही घरी गेल्या, तरी रोग्याची चौकशी दुसरी. पहिला प्रश्न करणाऱ्या बाईला असायचा. "तू जेवलीस का? झोपतेस किती? तुझ्या जागी कोण बसतं?" कितीतरी सुना या प्रश्नाने रडायला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना तो आधी कुणी विचारलेलाच नसायचा.

बाईंनी बाला जव्हारला आणलं. जीपच्या मागच्या बाकावर गोधडी अंथरून, स्वतः खाली बसून, सगळ्या वळणांवर त्याला दोन्ही हातांनी धरून. घरासमोर जीप थांबली तेव्हा आम्ही उतरवून घ्यायला गेलो. बा एवढासा झाला होता. दाढी वाढलेली, डोळे मिटलेले.

सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरने बाईंना जखम धुवायला शिकवलं. मीठ घालून उकळलेलं पाणी गार करायचं, त्याने धुवायचं, कोरडं करायचं, पट्टी सैल ठेवायची, आणि त्या जागेवर भार पडू द्यायचा नाही. बाकी बाई स्वतः शिकल्या. चादरीवर सुरकुती राहू द्यायची नाही. अंग ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. मलमूत्र झालं की लगेच, तसंच, बोलत बोलत स्वच्छ करायचं, नाक मुरडायचं नाही. "त्याला कळतं," त्या म्हणायच्या. "जीभ गेलीय, लाज नाही गेली." रोज सकाळी दाढी. शाळेत जायच्या आधी त्याच्या कानाशी वाकून सांगायच्या, आज वार अमुक, बाहेर ऊन आहे, मी जाते आहे, दिवेलागणीच्या आत येते.

माझी शाळा सकाळची, त्यांची दुपारची. म्हणून दुपारी मी आणि घरमालकीण मामी आळीपाळीने बाजवळ बसायचो. पावसाळा संपता संपता जखम भरत आली. बा डाव्या हाताने सूप धरून तांदळातले खडे वेचायला शिकला. बाई मुद्दाम निवडलेल्या तांदळात खडे मिसळून ठेवायच्या, काम संपू नये म्हणून. खडा सापडला की बा तो बोटांत धरून वर करायचा आणि आम्ही शाबासकी द्यायचो.

पण हे सगळं गोड होतं असं कुणी समजू नये. बाईंनी जव्हारजवळ बदली मागितली होती. साखरशेतला जायची-यायची जीप भरल्याशिवाय सुटत नसे, त्यात त्यांचा जीव जायचा. वरच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला भाऊ नाहीत का?" आहेत, दोन. "मग वडील तुमच्याकडे कसे? मुलीच्या घरी बाप ठेवायची आपल्यात पद्धत नाही. आणि असलं कारण आमच्याकडे चालत नाही." बाई त्या दिवशी घरी आल्या आणि चप्पल न काढता खोलीत फेऱ्या मारत राहिल्या. "पद्धत! बापाची पाठ फुटू द्यायची पद्धत आहे. मुलीनं धुवायची नाही." बदली झाली नाही.

आणि सुरेश. त्याची ती भेट मी विसरणार नाही.

तो दिवाळीनंतर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदं-केळ्यांची पिशवी. खोलीत शिरताच "बा!" म्हणून गळ्यात पडला आणि रडला. मग डोळे पुसून सूचना सुरू. खिडकी का बंद, हवा नको का? खिडकी का उघडी, गारठा नाही का? ठाण्याला त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याला अमुक तेलाने फरक पडला, तुम्ही का आणत नाही? बाई आंबील ढवळत होत्या.

मग त्याला बाला स्वतःच्या हाताने भरवायचं होतं. बा उताणा झोपलेला. सुरेशने केळं सोललं, मोठा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडात घातला. बाने कौतुकाने तोंड उघडलं होतं. दुसऱ्या क्षणी त्याचा चेहरा काळानिळा झाला. सुरेश "बा, काय झालं, बा" करत मागे सरला. बाईंनी आंबिलीचं पातेलं टाकलं, बाला पुढे ओढून बसता केला, पुढे वाकवला आणि पाठीवर थापा मारल्या, जोरात, पुन्हा पुन्हा. तुकडा बाहेर पडला. बा खोकत, लाळ गाळत श्वास घ्यायला लागला. बाईंनी त्याचं तोंड पुसलं, मागे उशा लावून त्याला टेकवलं. आणि मग त्या वळल्या.

"बसवून भरवतात," त्या म्हणाल्या. "बसवून, मान जराशी पुढे. चांगल्या बाजूच्या गालात. चमच्याच्या टोकावर येईल एवढंच. गिळलेलं दिसलं की मग पुढचा. भरवून झालं की लगेच आडवं करायचं नाही. माहीत नव्हतं ना? विचारायचं. विचारलंस तू मला? आल्यापासून सांगतोयस."

"ताई, मी प्रेमानं..."

"तुझं प्रेम त्याच्या घशात अडकलं होतं!"

थोड्या वेळाने, जायच्या तयारीत, सुरेश म्हणाला, "ताई, तू करतेस ते फार मोठं आहे. तुला पुण्य लागेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या इतक्या थकलेल्या मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. "पुण्य नको," त्या म्हणाल्या. "दोन तास दे. आत्ता. इथं बस. मी बाहेर जाऊन येते."

त्याने घड्याळ पाहिलं. त्याची गाडी होती.

तो गेल्यावर मामींनी पिशवीतली सफरचंदं काढून ताटात ठेवली. बाच्या तोंडात दात नव्हते.

आणखी एक सांगायला हवं, कारण बाई स्वतः ते कधी लपवत नसत. एका दुपारी सुट्टी होती, बा सकाळपासून चिडलेला. बाईंनी भरवायला घेतलेली पेज त्याने चांगल्या हाताने उडवली. त्यांनी पुसलं, दुसरी आणली, तीही उडवली. मला भिंतीपलीकडे वाटी आपटल्याचा आवाज आला आणि बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"मी आत्ता त्याला मारलं असतं," त्या म्हणाल्या. "हात उचलला होता."

मी आत गेले. बा मुकाट पडून होता, गालावरून पेज ओघळत होती. मी ते आवरलं. त्यानंतर बाईंनी नियमच केला. आम्हा दोघींपैकी एकीला बसवून दर रविवारी थोडा वेळ त्या घराबाहेर जायच्या. कधी दाभोशाला नदीकाठी जाऊन नुसत्या बसायच्या. बाकी वेळ ती लोकांच्या घरची फिरती. आणि प्रत्येक घरात, करणाऱ्या बाईला त्या हेही सांगायच्या: "राग येणारच. देवाला पण आला असता. राग आला की त्याला सुरक्षित निजव, कूस नीट कर आणि दार लोटून बाहेर जा. पण जा. आणि तू बाहेर गेल्यावर आत कोण बसेल, हे नवऱ्याला आजच विचारून ठेव."

बा गेला तो पुढच्या वर्षी, थंडीत. सकाळी बाईंनी दाढी करून दिली, वार सांगितला, आणि दुपारी मामींच्या समोर, उशांना टेकल्या टेकल्या तो गेला. गोविंद जीप घेऊन आला. सुरेशही आला. दोघांनी दारात मोठा आकांत केला. वयनी त्यांच्या मागून आली, तिने पायातली चप्पल काढली आणि सरळ आत जाऊन पदर खोचला. बाला आंघोळ घालायला ती आणि बाई दोघी. भाऊबंदातल्या कुणी म्हणालं, हे पुरुषांचं काम. बाई म्हणाल्या, "आजपर्यंत कुणाचं होतं?"

वळवल्यावर वयनीचा हात बाच्या पाठीवर थांबला. जखमेच्या जागी गुळगुळीत, फिकट वण राहिला होता. ती त्यावरून बोटं फिरवत राहिली.

"साफ हाय गं बाय," ती म्हणाली. "पाठ साफ हाय."

एवढं म्हणाली आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. बाईंनी तिला धरलं. त्या स्वतः रडल्या नाहीत. दिवसांचं जेवण गोविंदने दणक्यात घातलं असं ऐकलं. बाई गेल्या नाहीत.

पुढे माझी बदली झाली, खोल्या सुटल्या. अधूनमधून जव्हारला आले की भेटायचे. बाईंनी सेवानिवृत्ती घेतली, केस पांढरे झाले, पिशवी दुसरी आली. राग तोच. मधल्या काळात जव्हारमध्ये पिवळ्या-निळ्या रंगांची नवी घरं उठली, घराघरात टीव्ही आले, मुलं नाशिक-ठाण्याला गेली, आणि बाईंची रविवारची फिरती आठवडाभर पुरू लागली. "पूर्वी दारं लावायचे," त्या म्हणाल्या. "आता दार उघडं ठेवून टीव्हीचा आवाज वाढवतात."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जव्हारच्या जीपस्टँडवर. मोखाड्याकडे जाणाऱ्या जीपपाशी गर्दी जमली होती आणि हसण्याचा आवाज येत होता. मध्ये बाई. ड्रायव्हर टपावर चढलेला, त्याच्या हातात एक प्लास्टिकची पांढरी खुर्ची. बसायच्या जागी मोठं गोल भोक.

"बाई, ही तर मधीच फाटलीय," ड्रायव्हर म्हणत होता.

"फाटली नाही, कापलीय. संडासासाठी आहे. नीट बांध."

पुन्हा हशा. बाई कंबरेवर हात ठेवून गर्दीकडे वळल्या. "हसा. खुबा मोडलेल्या बाईनं उकिडवं कसं बसायचं, ते हसून झालं की मला सांगा."

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. वयनी झऱ्याच्या वाटेवर पडली होती, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्यातून घरी सोडलं होतं. पोरं भिवंडीला कामावर, आणि गोविंदला अजूनही बघवत नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, इतकं झाल्यावर तुम्ही भावाच्या घरी जाऊन राहणार?"

"भावाच्या कुठं? वयनीच्या." त्या जीपमध्ये चढता चढता म्हणाल्या. "आणि तो पाणी आणणार आहे. हंडा त्याच्या डोक्यावर मी ठेवणार आहे. बायकांचं काम म्हणाला तर म्हणेन, मग लुगडं नेस."

मागच्या बाकावर त्यांच्या समोर एक वाळका म्हातारा बसला होता, मळकी टोपी, पायांत टायरच्या चपला. इतका वेळ तो नुसता वर बांधलेल्या खुर्चीकडे बघत होता. त्याने हळूच विचारलं, "बाय, आशी खुरची कुठं भेटते?"

"भेटत नाही. करायची असते. कोणाला हवी?"

"माझ्या म्हातारीला. तिला उठवत नाय. मीच उचलतो."

बाईंचा चेहरा क्षणभर निवला. मग पुन्हा आवाज चढला. "आणि तू काय खातोस रे? बरगड्या बघ. तिच्यासकट पडलास म्हणजे? ऐक आता. साधी प्लास्टिकची खुर्ची घे. सुरी तापव. गोल काप, पण कड कानशीनं घास, नाहीतर मांडीला लागेल. खाली डबा."

जीप सुरू झाली. धूर सोडत वळणाकडे निघाली. मागच्या उघड्या बाजूने मला शेवटपर्यंत दिसत होतं. बाई दोन्ही हातांनी हवेत गोल करून म्हाताऱ्याला भोकाचं माप दाखवत होत्या. म्हातारा आपल्या हातांनी तसाच गोल करत होता, तो मोठा झाला की त्या रागाने त्याचे हात धरून जवळ आणत होत्या, आणि तो पुन्हा करत होता.